खिळे कुठे आहेत?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझे वडील, ज्यांना आम्ही घरात नाना म्हणतो, एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "अरे, आमचं ते यंत्र तिकडे नेऊन ठेवलंय म्हणतात. एकदा दाखवून आण मला."

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९६० साली, ते गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले. १९९४ साली तो छापखाना बंद पडला तेव्हाच त्यांनी तिथली पायरी उतरली. चौतीस वर्षे उभ्याने खिळे जुळविले. लग्नपत्रिका, पंचांगे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, कादंबऱ्या आणि आश्विन आला की दिवाळी अंक. असा मनुष्य आपले जुने यंत्र पाहावयास निघाला, तेव्हा मीही कचेरीला दांडी मारली आणि त्यांना घेऊन गेलो.

ज्या संस्थेने ते यंत्र ठेवून घेतले आहे तिचे नाव येथे सांगत नाही. कारण हा दोष तिच्या एकटीचा नव्हे. दालन मोठे होते, फरशी लखलखत होती. मधोमध चौथऱ्यावर यंत्र उभे. कोलंबियन जातीचा जुना हातप्रेस, माथ्यावर लोखंडी गरुड. काळा रंग ताजा दिलेला, गरुडाला सोनेरी मुलामा. भोवती मखमली दोरी. समोर पितळी पाटी, आणि तीवर बनविणाऱ्या कंपनीचे नाव, देणगीदाराचे नाव, उद्घाटकांचे नाव आणि तारीख. ज्या सपाट पाटावर एके काळी अक्षरांचा फर्मा बसत असे, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवलेली. शाळेची मुले गरुडाबरोबर फोटो काढून घेत होती.

नानांनी यंत्राला दोन प्रदक्षिणा घातल्या. कागद धरणारी चौकट नाही, हे त्यांनी पाहिले. शाईचा रूळ नाही, हे पाहिले. मग त्यांनी तिथल्या शिपाईदादाला विचारले, "खिळे कुठे आहेत?"

"कसले खिळे, आजोबा?"

"टाइप रे. अक्षरं."

"इथं एवढंच आहे. आणि दोरीच्या आत हात नका घालू हं, आजोबा."

नानांनी हात मागे घेतला. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. जिना चढताना मात्र म्हणाले, "ते यंत्र आमच्याकडे नुसतं प्रुफं काढायला होतं रे. कामाचं काय ते सगळं केसेसमध्ये होतं."

वाचकहो, मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते नानांनी या दोन वाक्यांत म्हणून टाकले आहे. पुढे जे लिहितो आहे तो त्याचा विस्तार.

माझा आरोप असा : आपण महाराष्ट्रात छापखान्याचे स्मारक म्हणून जे जपतो आहोत ते छापखान्याचे मर्म नव्हे, त्याचे लोखंड आहे. आणि जे खरोखर आपले होते, मराठी होते, आपल्या कारागिरांच्या हातचे होते, ते आपण वजनावर विकून टाकले आहे. काय हा उफराटा न्याय! गरुड अमेरिकेचा. जॉर्ज क्लायमर या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने हे यंत्र १८१३ च्या सुमारास काढले आणि पुढे लंडनला जाऊन तिथे बनविण्यास आरंभ केला. लोखंड विलायतेचे. या यंत्राला मराठी येत नाही. त्याला इंग्रजीही येत नाही. ज्या दिवशी ग्रीक फर्मा ठेवाल त्या दिवशी ते ग्रीक छापील, तामीळ ठेवाल तर तामीळ. त्याला मराठी बोलावयास लावले ते खिळ्यांनी आणि ते खिळे जुळविणाऱ्या बोटांनी. नेमकी हीच दोन त्या दालनात नाहीत.

आता कोणी म्हणेल, खिळे म्हणजे काय मोठे, शिशाचे तुकडे! या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकाने खिळा पाहिलेलाच नसतो. खिळा कसा होतो? प्रथम पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. भिंगातून पाहून, कानशीने केसाकेसाइतके घासून. हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की त्यात अक्षराची खोलगट प्रतिमा उमटते. ती मातृका. मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की एक खिळा तयार. इंग्रजाला लहानमोठी धरून बावन्न अक्षरे आणि वर आकडे, चिन्हे. आपल्याला? काना निराळा, वेलांटी निराळी, मात्रा, उकार, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे. शेकडो खिळ्यांवाचून मराठीचे पान उभे राहत नाही. त्या प्रत्येकाचा ठसा कोणीतरी हाताने कोरला आहे. मराठी अक्षर कसे दिसावे, त्याचा गोलावा किती, दंड किती जाड, हे ठरविणारे ते लोक. त्यांना कोणी साहित्यिक म्हटले नाही, संमेलनाला बोलावले नाही. परंतु मराठीतला कोणताही लेखक वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोचला तो त्यांच्या हातून.

आणि ही काही आयती मिळालेली विद्या नव्हे. हिंदुस्थानात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात जेझुइटांनी आणला. १६१६ साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोव्यातच, रायतूरला, छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. देवनागरी खिळेच नव्हते. म्हणजे पहा, यंत्र आले तरी मराठी अक्षर आले नाही. त्यासाठी दोन शतके जावी लागली. १८०५ साली विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला, बंगाल्यात, देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. त्याचा कोश १८१० साली निघाला तो मोडी खिळ्यांनी. श्रीरामपूरचे ते अक्षरकाम पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने आणि त्याच्या घरच्यांनी उभे केले होते. हे नाव आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजी झाले. त्यांनी अमेरिकन मिशनचे छापकाम पाहिले आणि मनाशी म्हटले, हे आपल्याला का येऊ नये? लाकडाचे यंत्र त्यांनी स्वतः तयार केले, शाई स्वतः घोटली आणि १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापून बाजारात आणले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळेकरी मंडळी पोथीला शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. पुढे खिळेही त्यांनी आपले आपण पाडले. यंत्र, शाई, अक्षर, तिन्ही आपल्या हातची करणारा हा मनुष्य. अशा माणसाच्या शहरात आज आपण गरुडाला सोनेरी मुलामा देऊन त्याच्यासमोर फोटो काढतो!

आणि जावजी दादाजी. १८३९ चा जन्म, घरी दारिद्र्य. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली अक्षराची नजर तयार झाली. १८६४ साली त्यांनी काय काढले? छापखाना नव्हे, खिळे पाडण्याचा कारखाना! निर्णयसागर छापखाना निघाला तो त्यानंतर, १८६९ साली. आधी अक्षर, मग यंत्र. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा त्यांना लाभला, आणि निर्णयसागरचे वळण हे देवनागरीचे वळण म्हणून हिंदुस्थानभर मानले गेले. टिळक-आगरकरांनी टाइपाच्या केसेस स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. वाहिल्या त्या केसेस. खुद्द केसरीच्या कथेतही आपल्या लोकांना आठवण राहिली ती अक्षरांची. जपावयाची वेळ आली तेव्हाच तिचा विसर कसा पडला?

कसा पडला ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९४ साली नानांचा छापखाना बंद झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. मालक सज्जन होते. संगणक आला होता, ऑफसेट आला होता. गिऱ्हाईक गेले, भाडे थकले. मालकांनी एका संस्थेला पत्र लिहिले की यंत्र, केसेस, मातृका, नमुन्यांची पुस्तके आणि जुन्या कीर्द-खतावण्या, सगळे फुकट देतो, जपा. संस्थेचे दोन गृहस्थ आले. यंत्र पाहून प्रसन्न झाले. केसेसकडे पाहून म्हणाले, "हे कळकट सामान ठेवायला जागा नाही. शिवाय हे पाहायला कोण येणार?" यंत्र गेले. आठ दिवसांनी भंगारवाला आला. शिशाला भाव चांगला होता. नाना आणि त्यांचे दोन सोबती ज्या केसेसमध्ये अंधारातही हात घालून नेमके अक्षर काढीत, त्या केसेस त्यांनी स्वतःच्या हातांनी पोत्यात उपड्या केल्या. काना, मात्रा, वेलांट्या, सारे एकात एक. वजन झाले, पैसे मिळाले, त्यातून जुळाऱ्यांचा थकलेला पगार भागला. मी मालकांना दोष देत नाही. पगार देणे हे पुण्यच. भंगारवाल्याला तर मुळीच नाही. त्याने निदान त्या धातूची किंमत तरी ओळखली. दोष आहे तो त्या सुशिक्षित नजरेचा, जिला गरुड दिसला आणि अक्षर दिसले नाही.

छापखाना जपणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर बेल्जममधल्या अँटवर्प शहराकडे बघा. क्रिस्तोफ प्लांताँ नावाचा फ्रेंच बुकबाइंडर सोळाव्या शतकात तिथे येऊन राहिला. १५५५ पासून त्याने छपाई चालविली आणि पुढे युरोपातला सर्वांत मोठा छापखाना उभा केला. १५६८ ते १५७३ या काळात पाच भाषांतले बायबल आठ खंडांत छापले. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक, आरामाइक, सारे खिळे त्याच्या घरात. त्याच्या मुली लहान वयातच प्रुफे वाचावयास बसत, त्यात हिब्रू-ग्रीकचीही प्रुफे असत, असे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. त्याच्यामागे जावई मोरेटुस आणि त्याचे वंशज यांनी तो छापखाना तीनशे वर्षे सांभाळला. १८७६ साली एडवर्ड मोरेटुस याने घर आणि छापखाना अँटवर्प शहराला विकला, आणि १८७७ साली तिथे संग्रहालय उघडले.

आता शहराने काय घेतले ते ऐका. नुसती यंत्रे नव्हेत. सुमारे १६०० सालची दोन यंत्रे तिथे आहेत, जगात उरलेली सर्वांत जुनी अशी ती मानली जातात. परंतु त्यांच्याबरोबर हजारो पोलादी ठसे घेतले. हजारो मातृका घेतल्या, त्यांत गारामाँ आणि ग्रांजाँ या थोर अक्षरकारांच्या हातच्या आहेत. खिळ्यांनी भरलेल्या केसेस घेतल्या, प्रुफे वाचणाऱ्यांची खोली घेतली, आणि जमाखर्चाच्या वह्या घेतल्या. कोणत्या जुळाऱ्याने कोणत्या आठवड्यात किती काम केले आणि त्याला काय मिळाले, हे त्या वह्यांत आज चारशे वर्षांनी वाचता येते. लेओं वूत नावाच्या संग्रहालयाच्या प्रमुखाने या कागदांवरून त्या छापखान्याचा दोन जाडजूड खंडांचा इतिहास लिहिला. जानेवारी १९४५ मध्ये जर्मनांचा बाँब शेजारी पडून वाड्याची एक बाजू उद्ध्वस्त झाली. त्यांनी ती पुन्हा उभारली आणि १९५१ साली दारे उघडली. युनेस्कोने २००१ साली त्या कागदपत्रांना आणि २००५ साली त्या वास्तूला जगाचा वारसा म्हणून मान दिला. आधी कागद, मग वास्तू, हा क्रमही ध्यानात घ्या.

आणि त्या मातृका नुसत्या निजून राहिल्या काय? नाही. त्या संग्रहालयाच्या जुन्या नमुन्यावरून १९१३ साली इंग्लंडात एक अक्षरमाला तयार झाली, तिला प्लांताँचेच नाव दिले. लंडनच्या 'टाइम्स' पत्राने १९३२ साली जी नवी अक्षरे आणली ती बनविताना या अक्षरमालेचा आधार घेतला. तीच अक्षरे पुढे जगातल्या प्रत्येक संगणकात शिरली. म्हणजे तुमच्या मुलाने इंग्रजीत अर्ज टंकला, तर त्याच्या अक्षरांच्या वंशवृक्षाचे एक मूळ अँटवर्पच्या त्या वाड्यात सापडेल. याला म्हणतात जतन. जपलेल्या वस्तूने पुढच्याला काही दिले पाहिजे. आमच्या गरुडाने कोणाला काय दिले? फोटो.

इथवर वाचून काही मंडळी आक्षेप घेण्यास सरसावली असतील. त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण गेली काही वर्षे मी ते ऐकतो आहे.

पहिला आक्षेप : पैसा नाही, जागा नाही. मी म्हणतो, खिळ्यांच्या केसेसची एक घोडी एका कपाटाएवढी जागा अडविते. चौथरा, मखमली दोरी आणि उद्घाटनाचा मांडव यांना पैसा मिळाला, तो कपाटाला मिळत नाही काय? जागा मनात नसते, मग ती दालनात कुठून येणार?

दुसरा आक्षेप : जुनी यंत्रे चालविली तर झिजतील. हे मला मान्य आहे. फार जुन्या यंत्राला राबवू नये. मग प्रतिकृती करा. गुटेनबर्गचे मूळ यंत्र जगात कुठेही उरलेले नाही. म्हणून मैंझच्या संग्रहालयाने हात जोडून बसणे पत्करले नाही. त्यांनी तसे यंत्र बनविले आणि ते त्यावर लोकांसमोर छापून दाखवितात. मूळ यंत्र नसताना ते छापतात, आणि मूळ यंत्र असताना आम्ही त्यावर फुलदाणी ठेवतो!

तिसरा आक्षेप सर्वांत मानभावी : हे सारे गतकाळाचे रडगाणे आहे, संगणकाने छपाई सोपी केली, मग शिशासाठी का गहिवरता? याला मी नानांचेच उत्तर देतो. ते म्हणतात, "त्या धंद्याचे गोडवे गाऊ नका. शिसं अंगात जातं. पाय सुजतात. चाळिशीच्या आत चष्मा लागतो. आणि पगार? तो विचारूच नका." मीही ते दिवस परत आणा असे म्हणत नाही. हा अंक संगणकावर जुळविला जातो याचा मला आनंदच आहे. कोणाच्या तरी बापाचे पाय त्यामुळे वाचले. परंतु संग्रहालयाचे काम गोडवे गाण्याचे नाही, तसे विसरण्याचेही नाही. ते खरे सांगण्याचे आहे. शिशाची धूळ, कमी पगार आणि उभ्याने काढलेले आयुष्य, हेही त्या दालनात सांगितले गेले पाहिजे. रंग दिलेले यंत्र खोटे बोलते. ते सांगते की पुस्तके या सुंदर गरुडाने छापली. पुस्तके माणसांनी छापली.

आणि हे केवळ मागचे भांडण नव्हे. याचा आजच्या मराठीशी रोकडा संबंध आहे. तुमच्या हातातला फोन काढा आणि 'लाल' किंवा 'शाळा' लिहून पाहा. पुष्कळ फोनांवर जो 'ल' आणि जो 'श' दिसतो तो मराठीच्या वळणाचा नसून हिंदीच्या वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हेच मराठी लेखनात वापरावे असे सांगितले. निर्णय फायलीत राहिला, अक्षर फोनमध्ये आले नाही. का? कारण यंत्रे बाहेरची, कंपन्या बाहेरच्या, आणि "मराठीचे अक्षर असे नसते, असे असते" हे दाखवावयास आमच्याजवळ पुरावा म्हणून ठेवलेले ठसे नाहीत, मातृका नाहीत, नमुन्यांची पुस्तके पोत्यांत गेली.

किंवा दुसरे उदाहरण घ्या. सह्याद्रीतल्या 'दऱ्या' आणि कोकणातला 'दर्या' हे दोन शब्द मराठी कानाला निराळे आणि डोळ्यालाही निराळे. 'दऱ्या'तला तो वाकडा, अर्धचंद्रासारखा 'र' ही आपली खास वस्तू. नानांच्या केसमध्ये त्याला स्वतंत्र खण होता. नाना सांगतात, नवा उमेदवार जुळारी लागला की त्याने या दोन 'र'मध्ये गफलत केली तर त्याला सगळी ओळ पुन्हा जुळवावी लागे. आज वर्तमानपत्रांतसुद्धा डोंगरात दर्या उसळतो आणि कोणाला खटकत नाही. जुळाऱ्याला जे कळत होते ते पदवीधराला कळेनासे झाले आहे. ती केस शाळेच्या मुलांसमोर असती, त्यातला तो खण त्यांनी बोटाने चाचपला असता, तर हा फरक समजावून सांगावयास व्याकरणाचे पुस्तक लागले नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ढोल वाजले, पेढे वाटले, मीही खाल्ले. परंतु अभिजात म्हणजे जिचे जुने जपलेले आहे ती. शिलालेख जपले, ताम्रपट जपले, हे उत्तमच. मग ज्या धातूच्या अक्षरांनी दोन शतके मराठी घराघरात पोचविली, दर्पण छापला, केसरी छापला, पंचांग आणि पोथी छापली, ती तेवढी भंगार कशी? अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली हिंदुस्थानातल्या छपाईचा इतिहास लिहिला. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरी मुद्रणाक्षरांवर तीन खंड लिहिले. म्हणजे सांगणारे झाले नाहीत असे नाही. ऐकणारे झाले नाहीत.

तेव्हा केवळ तक्रार करून थांबत नाही. मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही अवघड नाही.

एक, जिथे जिथे छापखान्याचे जुने यंत्र ठेवले असेल तिथे निदान एक पूर्ण टाइप, केसेससकट, कोणता खण कोणत्या अक्षराचा ते सांगणाऱ्या तक्त्यासह ठेवा. दोन, पाटीवर उद्घाटकाच्या नावाआधी तिथे राबलेल्या जुळाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची नावे घाला. ज्यांच्या वह्या सापडतील त्यांच्या वह्या ठेवा. तीन, हयात असलेल्या जुळाऱ्यांना मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस तिथे बसवा. मुलांना आपले नाव स्वतः जुळवू द्या, छापून घरी नेऊ द्या. चार, जे ठसे, ज्या मातृका आणि जी नमुना-पुस्तके अजून कुणाच्या माळ्यावर असतील त्यांची यादी करा, चित्रे काढा आणि नवी मराठी अक्षरे घडविणाऱ्या कोणालाही ती मोकळी ठेवा.

तिसऱ्या मागणीला मुदत आहे, हे मात्र लक्षात ठेवा. कपाट पुढच्या वर्षी करता येईल. जुळारी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. नानांच्या छापखान्यात सात जुळारी होते. आज दोघे आहेत.

आणि हे सारे शासनाने करावे, संस्थांनी करावे, असे म्हणून आपण फराळाच्या ताटावर बसावयास मोकळे होत नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला लाडू-चकलीबरोबर अंक लागतो. दुसऱ्या कोणत्या भाषेत ही चाल एवढी रुजली असेल असे मला वाटत नाही. त्यातली कित्येक दशके हे अंक खिळ्यांनी जुळविले गेले. तुम्ही पाडव्याला अंक उघडून हसत बसावे म्हणून कोणीतरी नवरात्रात रात्री जागविल्या आहेत. तो कोणीतरी कदाचित तुमच्याच चाळीत, तुमच्याच आळीत राहतो. या भाऊबीजेपूर्वी त्याच्याकडे चार चकल्या घेऊन जा. त्याला विचारा, काका, तुमच्या केसमध्ये कोणते अक्षर कुठे होते? तो सांगू लागला की लिहून घ्या. मुलांना बरोबर न्या.

नाना गेल्या आठवड्यात मला म्हणाले, "पुन्हा एकदा जाऊ या तिकडे. माझ्याकडे थोडे खिळे आहेत. त्या पोरांना दाखवू." त्यांच्या जुन्या ट्रंकेत एका पुडीत सतरा खिळे निघाले. पोती भरताना त्यांनी मुठीत ठेवलेले. त्यांत तो वाकडा 'र'ही आहे. आम्ही त्या संस्थेला पत्र लिहिले आहे. उत्तर आले की नाही, ते पुढल्या दिवाळीला कळवीन.